पैनगंगेकाठचा वानोळा

परसातल्या वांग्याला पहिली चार फळे धरली, दोडक्याचा वेल पऱ्हाट्यांच्या कुडावर चढून पलीकडे लोंबू लागला, की त्यातले थोडे शेजारी, सोयऱ्यांकडे, वेशीपलीकडच्या मैत्रिणीकडे धाडायचे. मराठवाड्यात आणि विदर्भात याला वानोळा म्हणतात. पैनगंगा ओलांडून दक्षिणेला आले, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरले, तरी मराठी घरांत हा शब्द ओळखीचाच राहतो. वानोळा तोलून देत नाहीत, त्याचे पैसे घेत नाहीत आणि तो मागूनही आणत नाहीत. संक्रांतीच्या वाणाला तिथी लागते, हळदीकुंकू लागते. वानोळ्याला फक्त पीक लागते. ‘भेट’ असा अर्थ दिला की या शब्दाचे काम संपले असे वाटते, आणि म्हणूनच खेड्यातल्या प्रेमळपणाच्या आठवणींत त्याला ढकलून देणे सोपे जाते. मला त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. वानोळ्यात आपुलकी होतीच, पण त्यापलीकडे बियाणे टिकवण्याची, नवे झाड ओळखीचे करून घेण्याची आणि कोणाच्या परसात यंदा काय साधले याची खबर फिरवण्याची ती एक चोख व्यवस्था होती. तिला ना अध्यक्ष होता ना वही. तरीही तिने जे काम केले त्याच्या खुणा शोधता येतात, आणि त्या शोधायला आदिलाबादसारखी जागा नाही. इथे मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांची परसे शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी नांदली आहेत.

आधी जागेचा इतिहास पाहू. निजामाच्या राज्यात हा मुलूख सिरपूर-तांडूर नावाने ओळखला जाई. 1905 मध्ये आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत त्याचे मराठी भाषक किनवट आणि राजुरा हे भाग तुटून मराठी मुलखाला जोडले गेले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात, 2014 पासून तेलंगणात आला, आणि 11 ऑक्टोबर 2016 रोजी त्याचेही आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बेला, जैनद, तलमडुगू, तामसी या पट्ट्यात मराठी घरे राहिली. त्यांचे सोयरे पैनगंगेपलीकडे पांढरकवडा, वणीकडे आणि राज्याच्या सीमेपलीकडे किनवट, माहूरकडे राहिले. या सगळ्या घडामोडींचे कागद आहेत. शेतीचेही आहेत. निजामी महसुलाने जमिनीची खुश्की, तरी आणि बागात अशी वर्गवारी केली. पावसावरची, पाटपाण्याची आणि विहिरीवरच्या मळ्याची जमीन असा तिचा ढोबळ अर्थ. या ‘बागात’ शब्दाने फसायला होते. त्यात केळीचा किंवा उसाचा मळा येई, घरामागचे चार वाफे येत नसत. गावठाणातल्या घराचे आवार शेतसाऱ्याच्या हिशेबात धरले जात नसे, म्हणून दप्तरात परसबाग नाही. ज्यावर सारा नाही त्याचा इतिहास नाही असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. परसाच्या बाबतीत ती सोडावी लागते आणि पुरावा स्वयंपाकघरात, शब्दांत आणि खुद्द झाडांत पाहावा लागतो.

स्वयंपाकघरातला सर्वांत बोलका पुरावा भाद्रपद शुद्ध पंचमीचा आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा मराठी घरांतला नियम. नांगर, कुळव, पाभर यांच्या जोरावर पिकलेले धान्य आणि भाजी त्या दिवशी वर्ज्य. मग ऋषीची भाजी होते ती अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याची कणसे यांची, म्हणजे हाताने खणून, हाताने लावून, घरच्या पाण्यावर वाढवलेल्या जिनसांची. व्रताचे पुण्य बाजूला ठेवून या नियमाकडे पाहिले तर त्यात शेतीची एक स्पष्ट वाटणी दिसते. बैलाची शेती वेगळी आणि हाताची शेती वेगळी. पहिली बहुतांशी पुरुषाच्या नावावर आणि साहुकाराच्या खात्यावर, दुसरी बाईच्या कुदळीखाली. पंचांगाने ही दुसरी शेती वर्षातून एक दिवस तरी नोंदवून ठेवली. तसेच भोगीचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भाजीत वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरे असे आठ-दहा जिन्नस थोडे थोडे पडावे लागतात. एका परसात हे सगळे एकाच वेळी तयार असणे अवघड. भोगीची भाजी पुरी व्हायची तर चार घरांचे परस एका पातेल्यात यावे लागते. सणाचा पदार्थच असा रचलेला आहे, की देवघेवीवाचून तो शिजत नाही.

या भाज्यांची यादी पुन्हा वाचली की दुसरा पुरावा हाती लागतो. लाल भोपळा आणि मका अमेरिकेतले. 1492 पूर्वी आपल्याकडे ते कोणी पाहिलेही नव्हते. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, रताळे, तंबाखू हीसुद्धा तिकडचीच. ऋषींच्या नावाने खाल्ल्या जाणाऱ्या भाजीतले दोन मुख्य जिन्नस जेमतेम चार-पाचशे वर्षांचे आहेत, आणि तरीही ते इतके आपले झाले, की त्यांच्यावाचून व्रत अपुरे राहते. ते पोर्तुगिजांच्या बंदरांतून उतरले हे आपण शिकतो. पण गोव्यापासून पैनगंगेच्या खोऱ्यातल्या डोंगराळ पाड्यापर्यंत ते पोहोचले कसे? तंबाखूचा प्रवास लिहिलेला सापडतो. असद बेग नावाच्या सरदाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती विजापूरहून नेऊन अकबराच्या दरबारात दाखवली. दरबारी चैनीची वस्तू, म्हणून तिची बखर. भोपळ्याची बखर कोणी लिहिली नाही. त्या काळी ना कृषी खाते होते ना बियाण्यांचे दुकान. भोपळ्याचे बी एका उकिरड्यावरून दुसऱ्या उकिरड्यापर्यंत कोणाच्या तरी मुठीतून, पदराच्या गाठीतूनच गेले असले पाहिजे.

यावर हरकत घेता येते, की आठवडी बाजार होते, बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन दख्खनभर फिरत, त्यांनीच ही बियाणी पसरवली नसतील कशावरून? हरकत वजनदार आहे आणि अर्धी मान्यही केली पाहिजे. वाळलेल्या मिरचीच्या पोटात बी असतेच. बाजारातून आणलेली मूठभर मिरची परसात फेकली तरी रोप उगवते. मक्याचा दाणा हेच मक्याचे बी. पण दोडका, दुधी, पडवळ, काकडी, भेंडी, वांगे यांचे तसे नाही. ही फळे खायची ती कोवळी, आणि कोवळ्या फळातले बी रुजत नाही. बियाण्यासाठी फळ वेलावर पुरते जून होऊन वाळावे लागते, आणि असे फळ बाजारात कोणी आणत नाही, कारण ते खाण्याजोगे राहिलेले नसते. याचा अर्थ असा, की ज्या भाजीची चव बाजारात कळते तिचे बी बाजारात मिळत नाही. ते ज्याच्या वेलावर आहे त्याच्याकडे जाऊनच मागावे लागते. बाजार आणि बंजारे यांनी दूरचे अंतर कापले असेल, पण गावात आणि पंचक्रोशीत बियाणे फिरले ते ओळखीवर.

वानोळ्याचे खरे काम इथेच उलगडते. वेलवर्गीय भाज्यांत एखादा वेल कडू निघतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. चाखल्यावरच कळते. शेजारणीने पाठवलेला दोडका शिजला, गोड लागला, लवकर मऊ झाला, की खाणाऱ्या घरातून उलटा निरोप जातो: एक फळ बियाला ठेव. हा निरोप हंगाम संपण्याआधी जावा लागतो. शिवाय फळ बियाला ठेवण्यात ठेवणारीचा तोटा असतो. वेलावर एक फळ जून होऊ दिले, की वेल आपली ताकद त्याला पुरवतो आणि नवी फुले-फळे कमी धरू लागतो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी यंदाच्या भाजीवर थोडे पाणी सोडावे लागते. प्रत्येक घराने प्रत्येक भाजीचे बी धरायचे म्हटले तर कोणाच्याच ताटात पुरेशी भाजी येणार नाही. एकीने दोडक्याचे, दुसरीने वालाचे, तिसरीने भोपळ्याचे बी धरले, राखेत घोळून गाडग्यात ठेवले किंवा शेणाच्या गोवरीत रोवून भिंतीवर थापले, आणि रोहिणी-मृगाच्या सुमारास आपसांत वाटले, तर तो तोटा विभागला जातो. एखाद्या वर्षी अतिवृष्टीने वेल सडला तर गेल्या वर्षी जिला बी दिले तिच्याकडून ते परत मिळते. वानोळा म्हणजे या साखळीची पहिली कडी, म्हणजे मालाचा नमुना. त्याची परतफेड भाजीने होत नाही, ओंजळभर बियांनी होते. भांडे रिकामे परत देऊ नये हा घरोघरचा संकेत हेच शिकवतो.

साखळी एका भाषेपुरती नव्हती, याची साक्ष शब्द देतात. विदर्भात शेवग्याला मुनगा म्हणतात, तेलुगूतही ते मुनगच. मराठीतली कोथिंबीर तेलुगूत कोत्तिमीर होते, मेथी मेंती होते, चुका चुक्काकूर होतो. कोणी कुणाकडून घेतले हे भाषेचे अभ्यासक सांगतील, पण जिन्नस आणि नाव दोन्ही सीमेवरून ये-जा करत होते एवढे तरी यातून निर्विवाद दिसते. अंबाडीचे उदाहरण उलटे आहे. आंध्रात तिच्या जातीची भाजी गोंगूरा, तेलंगणात पुंटीकूर, मराठीत अंबाडी. नावे तीन राहिली, पण आंबट भाजी ताटात तीच. घरामागच्या जागेलाही प्रत्येकाचा शब्द आहे. मराठीत परस, चंद्रपूरकडे सांदवाडी, तेलुगूत पेरडु. परसातल्या झाडाचे औषध लागू पडत नाही अशी तेलुगू म्हण आहे, तर पिकते तिथे विकत नाही अशी मराठी. दोन्ही म्हणींची तक्रार एकच, की घरच्या वस्तूची किंमत घरात होत नाही. ती शेजारघरी होते, म्हणून तिला कुंपण ओलांडावे लागते.

गोंडांच्या बाजूने पाहिले तर हेच चित्र वेगळ्या रंगात दिसते. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात या जिल्ह्यात राहिले, आणि 1948 मध्ये त्यांचा राजगोंडांवरचा ग्रंथ निघाला. मर्लावाई या गोंड गावी त्यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण बाहेरच्या जगाशी बोलताना इथल्या पुष्कळ गोंडांना मराठी जवळची होती. गोंडांचे वंशगायक असलेले इथले परधान तर मराठीच बोलतात. गोंड समाजात नवे पीक आल्याबरोबर खात नाहीत. आधी देवाला आणि पूर्वजांना, मग गावाने मिळून. दिवाळीच्या दंडारीत एका गावचे नाचणारे दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात आणि तो पाहुणचार पुढे फेडायचा असतो. वानोळा हा शब्द तिथे नसला तरी त्यामागचा विचार आहे: पहिल्या फळावर पिकवणाऱ्याचा एकट्याचा हक्क नाही. मराठी घरांत हा विचार शेजारधर्म म्हणून राहिला, गोंडांत देवाधर्माचा नियम म्हणून. दोन्हीकडे परिणाम सारखा झाला. हंगामाचे पहिले यश झाकून ठेवायचे नाही अशी सवय लागली.

इथे एक गंभीर विसंगती पुढे येते. यश झाकायचे नाही म्हणावे, तर याच गावांत परसाला दृष्ट लागू नये म्हणून काठीवर चुना फासलेले काळे मडके उपडे घालतात. कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवले तर तो सडतो असे पोरांना बजावतात. ज्या समाजाला आपली बाग दाखवायची भीती वाटते, तो बागेची प्रगती मैत्रिणीला कळवतो असे म्हणणे विसंगत नाही का? मला वाटते, या दोन रीती परस्परविरोधी नाहीत, त्यांची वेळ वेगळी आहे. भोपळ्याच्या मादीफुलामागे जन्मतःच इवलासा भोपळा असतो. परागीभवन झाले नाही तर तो पिवळा पडून गळतो, आणि असे पुष्कळ गळतात. या टप्प्यावर मोजदाद करणे, गावभर सांगणे म्हणजे निराशा ओढवून घेणे. बोटाचा दोष कोणाचाच नसतो, पण न मोजण्याचा सल्ला शहाणपणाचा असतो. फळ हाती आले, की मात्र तेच घर ते पदराखाली न झाकता दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवते. वेलावर असताना गुप्तता आणि तोडल्यावर वाटप, असा हा नियम आहे. शिवाय वाटल्याने दृष्टीचे कारणच उरत नाही. ज्या दोडक्याची भाजी आपणही खाल्ली त्याचा हेवा कसला करायचा? इंग्लंडमध्ये सामान्यांना भाजीपाल्यासाठी गावाने द्यायच्या जमिनीच्या तुकड्यांची परंपरा आहे. तिथे वर्षातून एकदा प्रदर्शन भरते आणि सर्वांत मोठ्या भोपळ्याला बक्षीस मिळते. आपल्याकडे स्पर्धा टाळली गेली आणि तिच्या जागी चव आली.

इंग्लंडचे ते तुकडे आणखी एका कारणासाठी आठवतात. तिथे कुंपणबंदीच्या कायद्यांनी गावाची सामायिक कुरणे आणि जंगले खासगी झाली. भूमिहीन झालेल्यांची उपासमार टाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तुकडे देण्याची कल्पना रुजली आणि 1908 च्या कायद्याने ते पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर पक्की केली. एक तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा. आदिलाबादेतही विसाव्या शतकात राखीव जंगलांच्या रेषा आखल्या गेल्या, डोंगरउतारावर कुदळीने शेती करणारे कोलाम आणि गोंड त्या रेषेबाहेर काढले गेले. 1940 मध्ये जोडेघाटला गोंड नेते कुमरम भीम मारले गेले त्या लढ्याच्या मुळाशी हाच जमीन-जंगलाचा प्रश्न होता. इंग्लंडात सामायिक जमीन गेल्यावर सरकारने निदान वाफे मोजून दिले. इथे तसे वाफे कोणी मोजून दिले नाहीत. जंगलातल्या रानभाजीची आणि डोंगरावरच्या मिसळपिकाची जागा जितकी अरुंद झाली तितका घरामागच्या कुडातल्या जागेवर भार वाढला असला पाहिजे, हा माझा तर्क आहे. परसाचा इतिहास हा जंगलबंदीच्या इतिहासाचा शेवटचा अध्याय म्हणूनही वाचायला हवा.

आता सर्वांत कठीण आक्षेप. हे सगळे ज्यांना परस होते त्यांचे झाले. महारवाड्यात, मांगवाड्यात घराला घर चिकटलेले, मागे जागा नाही आणि सार्वजनिक विहिरीवर पाय ठेवण्याची मुभा नाही. परस मोरीच्या सांडपाण्यावर जगते हे खरे, पण सांडायला आधी पाणी भरावे लागते. शिवाय शिजवलेले अन्न जातीची वेस ओलांडत नसे. कच्ची भाजी ओलांडू शके, पण तिची दिशा ठरलेली असे. वरून खाली गेले तर ते दान, खालून वर आले तर ती वेठ. ज्या घरांनी आदिवासी शेजाऱ्यांना भाजी दिली त्यांतल्याच काहींनी पुढे त्यांच्या जमिनी कर्जात लिहून घेतल्या. वानोळ्याने हे थांबवले नाही. हा आक्षेप खोडता येत नाही, खोडूही नये. पण त्याने माझे म्हणणे कोसळत नाही, नेमके होते. वानोळा चालतो तो परतफेडीची ताकद असलेल्या बरोबरीच्या घरांत. जिथे परत देता येत नाही तिथे तो वानोळा राहत नाही. म्हणून त्याचा नकाशा काढला तर गावातल्या बरोबरीचा नकाशा निघेल, आणि त्यातली रिकामी जागा गावातल्या विषमतेची असेल. जातिभेदाचे ते दिवस परत यावेत असे म्हणायला यात आधार नाही. प्रत्येक घराला परस आणि पाणी मिळायला हवे असे म्हणायला भरपूर आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. भाजी नासते, एका वेलाला एकदम वीस दोडके लागतात, दुसऱ्याला दिले नाहीत तर गाईला घालावे लागतील. मग यात व्यवस्था कसली, ही तर उरलेल्याची विल्हेवाट. या युक्तिवादाला आदिलाबादचा कापूस उत्तर देतो. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीने शेजारच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि पुढच्या काळात ही काळी जमीनही पऱ्हाटीखाली जात राहिली. आज आदिलाबादचे मार्केट यार्ड कापसासाठीच ओळखले जाते. कापूस नासत नाही, साठवता येतो, आणि तरीही शेतकऱ्याच्या घरी तो टिकत नाही. वेचणी संपण्याआधीच त्यावर देणेकऱ्याचे नाव पडलेले असते. परसातल्या भाजीवर मात्र कोणी उचल देत नाही, ती गहाण पडत नाही, तिचा भाव ठरत नाही. तिच्या नासकेपणाने तिला साहुकाराच्या वहीबाहेर ठेवले. ज्या थोड्या वस्तूंचे काय करायचे हे घरातली बाई स्वतः ठरवू शकत होती त्यांत ही भाजी होती, आणि तिने ती नाती बांधण्यात आणि बियाणे राखण्यात गुंतवली. उरलेले वाटले हे खरे. पण कोणाला वाटायचे, कधी वाटायचे आणि त्या बदल्यात कोणते बी मागायचे, हा निर्णय तिचा होता.

ही व्यवस्था आज विरत चालली आहे, आणि माणसे कोरडी झाली म्हणून ती विरते आहे असे मला वाटत नाही. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत कापसाचे बी दरवर्षी विकत आणायची वस्तू झाले. त्याच्या मागोमाग तणनाशक आले. पूर्वी पऱ्हाटीच्या कडेने आणि ओळींच्या मध्ये बायका अंबाडी, भेंडी, वाळूक, बरबटी टोकत. तणनाशकाला त्यांच्यातला आणि गवतातला फरक कळत नाही. भाजीचेही संकरित बियाणे रंगीत पुडीत आले. त्याचे फळ देखणे, उत्पन्न जास्त, आणि ते गरिबाच्या फायद्याचेही असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे बी पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे पीक येईल याचा भरवसा नाही. वानोळा तरीही देता येतो, मात्र ‘एक फळ बियाला ठेव’ हा निरोप निरर्थक होतो. नमुना उरतो, त्यापुढची कडी तुटते. त्यात घरामागे फरशी आली, भिंत आली. कुडावरून लोंबणारा दोडका शेजारच्या अंगणात डोकावत असे, तो आता दिसतच नाही.

सरकारला परसबागेचे महत्त्व कळलेले आहे. केंद्राने 2019 मध्ये शाळांतल्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात बचतगटांच्या उमेद अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम चालवली. या प्रयत्नांचे स्वागत करतानाच एक विचारले पाहिजे: बागेचे बी येते कुठून? दरवर्षी पुडी वाटावी लागणारी परसबाग ही योजनेची बाग, योजना संपली की ती वाळते. उलट बाजूची उदाहरणे आपल्या जवळची आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळाली ती गावरान बियाण्यांच्या बँकेसाठी. तेलंगणातच झहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांची बियाणी सांभाळली आणि 2019 मध्ये त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्या समाजाला वानोळ्याच्या नकाशात जागा नव्हती त्यातल्याच बायकांनी बियाणे राखण्याचे काम गावाच्या मध्यभागी आणले, ही या इतिहासाची सुखद उलटापालट आहे. कायदाही सोबत आहे. पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या 2001 च्या कायद्याच्या कलम 39 ने बियाणे राखणे, पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे हा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. ब्रँडच्या नावाने ते विकायला तेवढी मनाई आहे. पूर्वी जे शेजारधर्मावर चालत होते त्याला आता कलमाचा आधार आहे.

हक्क वापरायला मात्र बी हाती असावे लागते, आणि हल्ली आपण बागेची खबर फोटोने देतो. फोटो चांगलाच, पण त्यातला दोडका चाखता येत नाही आणि पेरताही येत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे परस आहे, गच्ची आहे, निदान चार कुंड्या आहेत, त्यांनी यंदा एवढेच करावे. गावरान बी लावावे. पहिली फळे शेजारी द्यावीत, आणि जिथे कधी दिली नाहीत अशा एका दारी तरी द्यावीत. आणि वेलावरचे एक निरोगी फळ, कितीही मोह झाला तरी, न तोडता वाळू द्यावे.